सोऱ्या, साचा आणि नाताळचे कार्ड

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की पाहुणा विचारतो, "चकल्या घरच्या का हो?" आणि घरची गृहिणी मोठ्या अभिमानाने सांगते, "घरच्याच! हाताने केलेल्या." आता खरे पाहू गेले, तर चकलीला काटे पाडतो तो सोऱ्या. करंजीची नागमोडी कड कापते ते कातणे. मोदकांच्या पाकळ्या तर आजकाल बऱ्याच घरांत साच्यातूनच पडतात. तरीही 'चकल्या सोऱ्याने केल्या' असे म्हणणारी व्यक्ती मला अजून भेटलेली नाही. आपण 'हाताने केले' म्हणतो म्हणजे नेमके काय म्हणतो, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. तो पडला इंग्लंडात, एका वृद्ध बाईंच्या जेवणाच्या टेबलापाशी.

२०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेले होते. ताई आणि भावोजी बर्मिंगहॅमच्या एका उपनगरात राहतात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ताईने फराळाची बशी रुमालाने झाकून माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "शेजारच्या आजींकडे देऊन ये. त्यांना शंकरपाळे फार आवडतात. आणि जरा वेळ बस हं, एकट्या असतात."

आजी ऐंशी ओलांडलेल्या. दार उघडले ते ॲप्रन बांधून. मला वाटले, स्वयंपाकात असतील. पण आत पाहते तो टेबलभर कागदांचा पसारा! लाल, हिरवे, पांढरे जाड कागद. पत्र्याच्या डब्यांत पोलादाच्या पातळ नक्षीदार पट्ट्या. कापलेल्या तारकांचा आणि पानांचा ढीग. आणि मधोमध एक लहानसे यंत्र, त्याला बाजूने फिरवायचा दांडा. नोव्हेंबर नुकता लागला होता, नाताळला सात आठवडे अवकाश होता. पण आजींचा नाताळ सुरू झाला होता. दरवर्षी त्या आपल्या हातांनी नाताळची भेटकार्डे करतात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालात टाकतात.

"हाताने?" मी त्या यंत्राकडे पाहत विचारले. मराठीची प्राध्यापक असल्याने शब्दाच्या अर्थावर अडून बसायची मला सवय आहे. ती परक्या घरीही सुटली नाही. "कापतं तर हे यंत्र. मग हातानं केलेलं कसं म्हणायचं?"

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांची पेरे सुजून गाठाळली होती आणि उजवा हात बारीकसा कापत होता. "तीस वर्षं मी सगळं कात्रीनं कापलं," त्या म्हणाल्या. "आता कात्री या हातांचं ऐकत नाही. दांडा मात्र अजून फिरवता येतो." मग माझ्या ओशाळलेल्या चेहऱ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "बस ना. एक करून बघ."

रसवंतीचा चरक

ते यंत्र म्हणजे काय, हे कुठल्याही मराठी माणसाला एका वाक्यात सांगता येईल. रसवंतीतला उसाचा चरक आठवा. दोन रूळ, त्यांच्यामध्ये अरुंद फट आणि बाजूला दांडा. फरक एवढाच, की उसाऐवजी येथे कागदाची चळत आत जाते. खाली एक जाड फळी, तिच्यावर प्लास्टिकची पारदर्शक पाटी, तिच्यावर कागद, कागदावर पोलादी साचा, धारेची बाजू कागदाकडे करून, आणि सर्वांत वर दुसरी पाटी. ही चळत रुळांत सरकवायची आणि दांडा फिरवायचा. प्लास्टिक कडकड वाजते. नवखे माणूस दचकते, काही मोडले की काय म्हणून! पण मोडत काही नाही. पलीकडून चळत बाहेर येते, साचा उचलला की खाली होलीच्या झाडाचे कातरलेले पान, काट्यांसकट अगदी हुबेहूब.

पोलादी साच्याला 'डाय' म्हणतात. आपल्याकडे छापखान्यांतही हाच शब्द आहे. लग्नपत्रिकेवरचा नक्षीदार झरोका, मिठाईच्या खोक्याची घडी, हे सारे डायचेच काम. तिथल्या डायमध्ये प्लायवूडच्या फळीत पोलादी पट्ट्या हव्या तशा वाकवून बसवतात आणि कापलेला कागद अडकून राहू नये म्हणून बाजूला रबराचे तुकडे चिकटवतात. घरगुती यंत्राचे साचे त्याहून कितीतरी पातळ, एखाद्या बिल्ल्याएवढे.

ही कला एकोणिसाव्या शतकातली. त्या काळी जर्मनीत रंगीत छापलेली, उठावाची आणि कडेने कापलेली चित्रे लाखांनी तयार होत; इंग्लंडातली मुले आणि बायका ती हौसेने वह्यांत चिकटवीत, कार्डांवर लावीत. तेव्हा ही यंत्रे कारखान्यातच असत. घरात ती फार उशिरा आली. अमेरिकेत एलिसन नावाच्या कंपनीने १९७७ साली शाळेतल्या शिक्षकांसाठी अक्षरे कापण्याचे हातयंत्र काढले. फळ्यावर लावायची अक्षरे कात्रीने कापून शिक्षिकांची बोटे दुखत, म्हणून. त्याच कंपनीने २००१ साली 'सिझिक्स' या नावाने घरगुती यंत्रे आणली. म्हणजे मुळात हे यंत्र दुखऱ्या बोटांसाठीच जन्माला आले, असे म्हणायला हरकत नाही.

पण दांडा फिरवला की कार्ड झाले, असे मात्र नाही. हे मला पहिल्या अर्ध्या तासातच कळले. साचा फार बारीक नक्षीचा असला की कागद त्यात अडकून बसतो. मग आजी मधे मेणकागदाचा तुकडा घालतात आणि उरलेले कण सुईने टोचून काढतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून पाटी वाकते. म्हणून ती दर खेपेला उलटी करायची. कुठे नीट कापले गेले नाही, तर त्या जागी खाली साध्या कागदाची घडी सारायची. ए-फोर कागद मधोमध दुमडण्याआधी बोथट पट्टीने घडीची रेघ पाडायची, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. डिंक थोडा लावायचा. जास्त झाला की कागदाला सुरकुत्या पडतात. एक कार्ड व्हायला पाऊण तास लागला. त्यात दांडा फिरवण्याचे काम मोजून दोन मिनिटांचे.

सोऱ्याचेही असेच नाही का? भाजणीला चटका किती द्यायचा, मोहन किती घालायचे, पीठ किती वेळ मुरू द्यायचे, हे सोऱ्याला कुठे कळते?

आळसातून निघालेले कार्ड

नाताळच्या भेटकार्डाच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. हेन्री कोल नावाचे एक इंग्रज सरकारी अधिकारी होते. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र देशभर कुठेही जाऊ लागले, त्या योजनेच्या कामात ते होते. त्यापूर्वी टपालाचे दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. दर उतरल्यावर पत्रांचा पाऊस पडू लागला आणि त्यात कोलसाहेब स्वतःच भिजले! नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे देण्याइतका वेळ त्यांच्याजवळ उरेना. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापवल्या, आपल्याला हव्या तेवढ्या ठेवल्या आणि बाकीच्या एक शिलिंगाला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या. एक शिलिंग म्हणजे बारा पत्रांचे टपाल. कार्ड स्वस्त नव्हते. मधोमध मेजवानीला बसलेले कुटुंब, दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी चित्रे. कुटुंबातल्या लहान मुलाच्या तोंडी मद्याचा पेला लावलेला दाखवला म्हणून दारूबंदीवाल्यांनी ओरडही केली. हेच कोल पुढे १८५१च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक झाले.

त्या कार्डावर घेणाऱ्याचे नाव लिहायला वर एक रिकामी ओळ होती आणि देणाऱ्याचे नाव लिहायला खाली एक. बाकी सारे छापील. म्हणजे पत्र लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून निघालेली ही युक्ती. आणि पावणेदोनशे वर्षांनी पाहावे, तर हाताला कापरे भरलेली एक वृद्धा त्याच कार्डावर प्रत्येकी पाऊण तास खर्च करते आहे! आळस आणि जिव्हाळा यांची अशी अदलाबदल क्वचितच झाली असेल.

निबांचा कारखाना

त्याच आठवड्यात ताईने मला बर्मिंगहॅमच्या सोनार-मोहल्ल्यातले, म्हणजे ज्वेलरी क्वार्टरमधले, पेन म्युझियम दाखवले. निबांच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतच ते आहे. एकोणिसाव्या शतकात जगाला लेखणीची निबे पुरवणारे शहर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथे हाताने चालवायचे दाबयंत्र आहे, आणि पाहुण्याला स्वतः एक निब करून पाहता येते. पोलादाची पट्टी सारायची, दांडा ओढायचा, खट्! साच्यातून निबाच्या आकाराचा तुकडा पडतो. मग दुसऱ्या यंत्रात भोक, तिसऱ्यात वळण, पुढे चीर. या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या. एकेक जण दिवसाला हजारो तुकडे कापीत असे.

मी तो दांडा ओढला आणि क्षणभर तशीच उभी राहिले. हे तर आजींचेच यंत्र! तोच साचा, तोच दाब. माझे वडील सांगत, शाळेत पहिल्यांदा बोरू, मग टाक आणि दौत. कित्ता गिरवताना अक्षराला वळण लागे ते टाकाच्या निबाने. सुंदर हस्ताक्षर म्हणजे माणसाच्या हाताची अगदी खासगी खूण, असे मी वर्गात पोरांना सांगत आले. आणि ते हस्ताक्षर ज्या निबातून उतरले, ते निब कुठल्यातरी कारखान्यात साच्याने कापलेले होते. एकासारखे एक, हजारो. त्या निबाने कुणी सावकाराचे खत लिहिले, कुणी मुलीला पत्र. निब तेच, लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, हे दोघे वेगळे. यंत्राचे काम जिथे संपते तिथे हाताचे सुरू होते. मी आजींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

नावांची वही

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे पुन्हा गेले, ते आपणहून. त्यांनी एक वही काढली. पुठ्ठा झिजलेला, पाने पिवळी. दर वर्षी कोणाला कार्ड पाठवले त्याची यादी. सुरुवातीच्या वर्षी नव्वदाच्या वर नावे. पुढे पुढे काही नावांवर एकेक सरळ रेघ. कुणी गेले, कुणाचा पत्ता हरवला, कुणी उत्तर देईनासे झाले, पण त्यांच्यावर मात्र रेघ नव्हती.

"यांना अजून पाठवता?" मी विचारले.

"उत्तर येत नाही म्हणजे पोचत नाही असं थोडंच आहे?" त्या म्हणाल्या. त्या वर्षीच्या यादीत एकेचाळीस नावे होती. प्रत्येकाचे कार्ड वेगळे. कुणाला पाखरे आवडतात, कुणाचा कुत्रा नुकताच गेला म्हणून कुत्र्याचा साचा टाळायचा, कुणाला आता नीट दिसत नाही म्हणून उठावाचे चित्र, बोटांना लागेल असे. कार्ड करताना पाऊण तास त्या एकाच माणसाचा विचार त्यांच्या मनात असतो. "वर्षातून पाऊण तास," त्या म्हणाल्या, "तेवढा तर प्रत्येकाचा हक्क आहे."

टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याची एक चौकट होती आणि तिला अरुंद खाच. पाकीट तिच्यातून सहज सरकले पाहिजे, कारण तिथल्या टपालखात्याच्या नियमाप्रमाणे साधे पत्र पाच मिलिमीटरहून जाड चालत नाही. त्याहून जाड झाले की दर वाढतो. तिकिटे महागली आहेत. एका पेनीचे टपाल आता पहिल्या वर्गासाठी दीड पौंडाहून अधिक झाले आहे. निवृत्तिवेतनात एकेचाळीस तिकिटे म्हणजे थट्टा नव्हे. म्हणून प्रत्येक तारका खाचेतून जाईल इतकीच उठावाची. मायेलाही जाडीची मर्यादा असते, असे मनात येऊन मला हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही. मला माझी आत्या आठवली.

आत्या सांगलीला असते. मी शाळेत असल्यापासून दर दिवाळीला तिचे पोस्टकार्ड यायचे. बारीक, ठसठशीत अक्षर, पत्त्याच्या बाजूलाही थोडा मजकूर कोंबलेला. मी नोकरीला लागेपर्यंत उत्तरे दिली. मग फोन आले, मग मोबाइल आले. गेली काही वर्षे दिवाळीत पणतीचे एक तयार चित्र मी एका झटक्यात दोनशे जणांना पाठवते. त्यात तिच्या नातवाचाही क्रमांक असतो. तो तिला दाखवतो की नाही, हे मी कधी विचारले नाही. तिची पोस्टकार्डे केव्हा थांबली, तेही मला आठवेना. हे मात्र मला फार लागले.

"मला एक करू द्याल?" मी आजींना विचारले. साध्या गोल साच्याने मी पिवळा कागद कापला, त्याच्या अर्ध्याची पणती केली. होलीचे एक पान उलटे धरले तर ज्योतीसारखे दिसले, ते लावले. आजींना ज्योत फार आवडली. कार्ड तर झाले. मग लिहायला बसले. 'ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.' एवढे झरझर उतरले आणि पेन थांबले. वीस वर्षे पत्रलेखन शिकवणारी मी. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पुढे शब्द सुचेना. आजी समोर बसून पानांचे कण सुईने काढीत होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही. शेवटी मी खरे तेच लिहिले: तुझ्या पत्रांना मी उत्तरे दिली नाहीत, याची लाज वाटते, तुझी पोस्टकार्डे मी टाकली नाहीत, ती कपाटात आहेत, तू कशी आहेस? दिवाळी तर होऊन गेली होती. देवदिवाळीला तरी पोचावे, अशा हिशेबाने कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकले.

उत्तर

मी पुण्याला परतल्यावर डिसेंबरात उत्तर आले. अक्षर आत्याचे नव्हते. नातवाचे होते, सांगितलेले लिहून घेतलेले. तिला आता लिहवत नाही. कार्ड देव्हाऱ्याशेजारी ठेवले आहे, पणतीवरून बोट फिरवते, असे त्याने लिहिले होते. खाली मात्र एकच शब्द तिच्या हातचा, वाकडातिकडा, रेघ सोडून खाली घसरलेला: 'आशीर्वाद'.

जानेवारीत आणखी एक पाकीट आले, इंग्लंडहून. निघण्यापूर्वी आजींनी मला माझे नाव 'तुमच्या अक्षरांत' लिहून द्यायला सांगितले होते. कशाला, ते बोलल्या नव्हत्या. पाकिटावर पत्ता इंग्रजीत होता, पण आत कार्डावर माझे नाव देवनागरीत. अक्षरे थरथरत काढलेली आणि शिरोरेषा शेवटी वेगळी मारलेली, थोडी तिरपी. त्यांच्या वहीत बेचाळिसावे नाव माझे होते.

डेन्मार्कच्या टपालखात्याने २०२५च्या अखेरीस पत्रे पोचवणे बंद केल्याची बातमी वाचली तेव्हा मला आजींची ती खाच असलेली चौकट आठवली. पत्रांचे पुढे काय होईल, हे मी सांगू शकत नाही. पण या दिवाळीत एक करता येईल. यंत्र नसले तरी चालेल. घरात कात्री आहे, मुलांचे रंगीत कागद आहेत, करंजीचे कातणेसुद्धा कागदावर छान चालते, मी करून पाहिले आहे. दोनशे नावांतून एक नाव निवडा. ज्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे, असे. पाऊण तास त्याच्यासाठी काढा. काय लिहावे सुचले नाही, तर खरे तेच लिहा.

आणि कुणी विचारलेच, "हाताने केलेले का हो?" तर आपल्या चकल्यांना म्हणतो तितक्याच अभिमानाने म्हणा, "हाताने केलेले!"